बीडीची वर्गणी

पुणतांबा,
एप्रिल १९९९

प्रिय प्रवीणराव यांसी,

सप्रेम जयभीम. चि. सौ. माधुरीस आणि धाकट्या पंकजास आमचे आशीर्वाद. तुमची पाठ आता कशी आहे? दिवसभर मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहिलं की पाठ धरते, हे फळ्यापुढं उभ्यानं नोकरी काढलेला माणूस सांगतोय, तेव्हा शेक घेत जा. इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मीही खुशाल आहे आणि तुमच्या ताईही खुशाल आहेत. फक्त दोघांनी एकाच वेळी खुशाल असण्याचा योग मध्यंतरी जुळत नव्हता. तुम्ही पाठवलेल्या गोळ्या रेल्वेतल्या त्या ओळखीच्या माणसानं स्टेशनवर नीट आणून दिल्या. त्यांची पोच आजवर कळवली नाही याचा राग मानू नका. गोळ्यांची पोच दोन ओळींत देता येत होती, पण गोळ्या घेतल्यावर जे झालं ते दोन ओळींत मावेना, म्हणून हा लांबडा कागद घेतला.

तुम्हाला मूळ कारण ठाऊक आहेच, तरी माधुरीला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. सव्वीस जानेवारीला शाळेत गाताना वरच्या ओळीला माझा आवाज फाटला. म्हणजे चिरकला नाही, सरळ फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. पहिलीची पोरं हसली (त्यांना मी दोष देत नाही, मीही हसलो असतो). पण आपल्या गायन पार्टीचा पुढचा आवाज आज कैक वर्षं माझा आहे, पेटी माझी आहे, आणि चौदा एप्रिल तोंडावर आलेला. जयंतीच्या स्टेजवर असं झालं असतं तर मग मला गोदावरीच्या पलीकडं बदली मागावी लागली असती. म्हणून श्रीरामपूरला त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी माझ्या घशात आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की गाठबीठ नाही, सूज आहे, पण बीडी चालू ठेवली तर गाणं जाईल आणि मग बाकीचंही काय काय जाईल. मी म्हणालो, बाकीच्याचं नंतर बघू, गाणं जाता कामा नये. मग त्यांनी ती चिठ्ठी लिहून दिली, जी इथल्या मेडिकलवाल्यानं उलटीसुलटी करून वाचली आणि शेवटी तुमच्याकडं पुण्याला धाडावी लागली.

आता या औषधाची खुबी अशी, की गोळी सुरू केल्यावर पहिला आठवडा बीडी ओढत राहायची. हे मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी आधी अंगात मुरली पाहिजे, मग दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस ठरवून टाकायचा आणि त्या दिवशी बीडीला कायमचा रामराम. मी घरी येऊन ओट्यावर बसलो, गोळी घेतली, वर बीडी पेटवली, आणि तुमच्या ताईंना शांतपणे सांगितलं की ही मी ओढत नसून औषधाचा भाग म्हणून घेतोय. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बीडी ओढताना माझी मान इतकी ताठ कधीच नव्हती. ताईंचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर त्या एसटीनं स्वतः श्रीरामपूरला गेल्या, डॉक्टरीणबाईंना विचारून आल्या, आणि आल्या त्या चेहरा असा करून, की डॉक्टरही यांच्यातलीच निघाली. मी मात्र तो आठवडा फार निष्ठेनं पाळला.

पण प्रवीणराव, त्या गोळीनं आपलं काम गुपचूप चालवलेलं होतं. आठवड्याच्या शेवटाला बीडी तोंडात धरली की भिजलेलं पोतं जाळल्याचा वास यायला लागला. तोंड असं कोरडं पडायचं की शाळेत तांब्या हातात घेऊनच शिकवत होतो (तिसरीतल्या पोरांना वाटलं मी पाण्याचा धडा घेतोय, त्यांनी आठवडाभर पाण्याचेच प्रश्न विचारले). झोप कमी झाली, आणि जी लागायची तिच्यात स्वप्नं अशी ठसठशीत पडायची की सकाळी उठून लोकांना जाब विचारावासा वाटे. एकदा स्वप्नात आपला सहादू ढोलकीवाला माझी पेटी विकून बीड्यांचा कट्टा घेऊन आला. मी सकाळी त्याच्याशी बोललोच नाही, आणि त्याला दुपारपर्यंत कारण कळेना. अंगात तर कुठलं बळ संचारलं होतं कोणास ठाऊक. मी घराला चुना दिला. घर झाल्यावर उरलेल्या चुन्यात शाळेचं कुंपण केलं, आणि तरी चुना उरला तेव्हा सहादूच्या गोठ्याकडं वळलो, पण त्याच्या म्हशीनं मला आत येऊ दिलं नाही.

इथल्या मेडिकलवाल्यानं त्यातच एक वेगळं लावून दिलं. तुमच्या पार्सलातला आतला कागद त्यानं माझ्याकडून वाचायला घेतला, आणि त्यात त्याला दिसलं की ही गोळी मुळात उदास माणसांना द्यायची आहे, बीडीवर चालते हे मागाहून कळलं. झालं. भीमराज गुरुजींना मनाच्या गोळ्या सुरू झाल्या, ही बातमी मी घरी पोचायच्या आत स्टेशनपर्यंत गेली. एरवी माझं वाक्य पुरं होऊ न देणारी माणसं माझं सगळं ऐकून घ्यायला लागली. चहाच्या टपरीवर मला बसायला खुर्ची मिळाली. मुख्याध्यापकांनी आपण होऊन मला घरोघर जाऊन करायच्या शाळेच्या वयाच्या पोरांच्या शिरगणतीच्या कामातून वगळलं, ज्यासाठी मी आजवर तीन वेळा अर्ज करून हरलोय. मी खुलासा करणार होतो, पण म्हटलं शिरगणती होऊन जाऊ दे.

सहादूचं मात्र बिनसलं. तुम्ही जाणताच, मी आणि सहादू गेली कित्येक वर्षं एका काडीवर एक बीडी ओढतो; अर्धी मी, अर्धी तो. तालमीत तर पहिली अर्धी नेहमी माझी, कारण मी गायचो, आणि उरलेली त्याची, कारण त्याचे हात नंतर मोकळे व्हायचे. तेव्हा त्याचा सरळ हिशेब असा, की बीडी अर्धी तर गोळीही अर्धी. तो विळा घेऊनच आला. मी त्याला सांगितलं की ही गोळी मोडायची नसते, अख्खी गिळायची, ती पोटात हळूहळू सुटते, आणि शिवाय ती डॉक्टरांनी माझ्या नावावर दिलीय. त्याला वाटलं मी कंजूषपणा करतोय. तो म्हणे, तोंडातली उष्टी बीडी दिली तेव्हा नाव विचारलं नव्हतं. शेवटी मीच त्याला श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, लहानपणी कधी फिट आली होती का, आणि तो मोठ्या अभिमानानं हो म्हणाला. मग त्यांनी सांगितलं की फिट येऊन गेलेल्यांना ही गोळी चालत नाही, तुम्ही बडीशेप चघळा आणि मला येऊन भेटत जा. त्या दिवसापासून सहादूच्या खिशात बडीशेप आहे आणि कानामागं बीडी, आणि तो माझ्याकडं असा बघतो की चांगली चांगली औषधं शिकलेल्यांनीच आपसात वाटून घेतली.

आता येतो त्या संध्याकाळकडं, जिच्यामुळं तुमच्या ताई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. बीडी सोडायचा दिवस मी मुद्दाम जयंतीच्या आठवडाभर आधीचा धरला होता. सकाळपासून ओढली नव्हती. डोकं असं हलकं झालेलं की चालताना पाय जमिनीला विचारून टाकत होतो. संध्याकाळी समाजमंदिरात वर्गणी जमा व्हायला लागली. तुम्ही इथं बऱ्याच दिवसांत आला नाहीत, पण पद्धत तीच आहे: जो काही देईल त्याचं नाव छगन सेक्रेटरी लगेच माईकवरून पुकारतो आणि लिंबाच्या झाडाला बांधलेला भोंगा ते अख्ख्या वस्तीला ऐकवतो. कोणी गहू, कोणी तेलाचा डबा, कोणी मंडपाचं कापड. मी गेलो, खिशातला बीडीचा कट्टा आणि काडेपेटी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, ही माझी. छगनला वाटलं गुरुजी चेष्टा करतात. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं भोंग्यावरून पुकारलं की भीमराज गुरुजी यांच्याकडून जयंतीनिमित्त बीडी, कायमची. प्रवीणराव, टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, गाण्याला पडतात त्याहून जास्त पडल्या.

तिथंच थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण छगनची आई रतनबाई तिथं गव्हाची पाटी घेऊन आली होती. तिनं पाटी खाली ठेवली, लेकाच्या हातातला माईक ओढला आणि आमच्या छगनचा गुटखा लिहून घ्या म्हणाली. छगनला आपल्याच तोंडानं आपलाच गुटखा पुकारावा लागला, आणि तो पुकारताना गुटखा तोंडातच होता. मग जी काय लाट आली म्हणता. बायकांनी नवऱ्यांची दारू दिली. एका सुनेनं सासूची तपकीर दिली, आणि सासू तिथंच बसलेली होती. कोणी स्वतःचं काही देईना, जो तो दुसऱ्याचं देत होता, आणि छगन सूड उगवल्यासारखा एकेकाचं नाव ठणठणीत पुकारत होता. मी कडेला उभा राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. आणि त्या हसण्याच्या भरात, अंगात ती गोळी, पोटात बीडी नाही, कानात स्वतःच्या टाळ्या, मी माईक घेतला आणि म्हणालो, सौ. कलाबाई भीमराज यांच्याकडून मिश्री.

तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला माहीत आहे. ताईंची ती पितळी डबी, तव्यावर भाजलेली तंबाखू, रोज सकाळी मागच्या दारी बसून दातांना घासणं. तिच्याविषयी घराबाहेर चकार शब्द काढायचा नाही असा आमचा अलिखित करार. कारण अंगणवाडीत त्याच ताई गरोदर बायकांना बसवून सांगतात, की मिश्री लावू नका, बाळाला बाधते. त्या वेळी त्या घरी भाकरी थापत होत्या. भोंगा आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या छबूबाईनं मला नंतर सांगितलं की ते ऐकल्यावर ताईंचा हात परातीत तसाच थांबला आणि तव्यावरची भाकरी जळून गेली. मी घरी आलो तेव्हा ती जळकी भाकरी माझ्या ताटात वाढलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीतल्या बाया त्यांना विचारायला लागल्या, बाई, सुटली का हो? मला हे पुढं कळलं, आणि लाज वाटली, हे तुम्हाला मोकळेपणानं लिहितो. तुमच्या ताईंनी मला एक शब्द विचारला नाही. त्या भिंतीशी बोलायला लागल्या. चहा झालाय, ज्याला प्यायचा त्यानं प्यावा. पाणी आलंय, ज्याला भरायचं त्यानं भरावं. आणि रोज सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारी बसलो की त्या बरोबर समोर येऊन बसतात, डबी उघडतात, बोट बुडवतात आणि माझ्या डोळ्यांत बघत काळं बोट दातांवरून फिरवत राहतात. माझी बीडी नुकती सुटलेली, प्रवीणराव. समोर कोणी तंबाखू घासतंय आणि मी कोरड्या तोंडानं चहा फुंकतोय. मी माफी मागितली, दोनदा मागितली, त्या भिंतीला म्हणाल्या की काहींना भोंग्याशिवाय बोलता येत नाही.

आणि आवाज? तो तर अजूनच गेला. बीडी सुटल्यावर खोकला सुरू झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे व्हायचंच, आत साचलेलं बाहेर पडतंय, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं (त्यांनी सांगितलं असेल, मी त्या वेळी पहिल्या आठवड्यावर खूश होतो). आवाज भरायला काही महिने लागतील म्हणे. जयंती तर दारात उभी होती. पार्टीतल्या कोणी मला तोंडावर काही म्हटलं नाही, एक तर मान म्हणून, दुसरं म्हणजे मनाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला कोण दुखावणार. मी ठरवलं, गायचं. एवढी वर्षं पुढं बसलेला माणूस एक खोकला आला म्हणून उठून मागं जातो की काय.

तर चौदा तारखेची संध्याकाळ. मंडप भरलेला, नगरहून आलेले पाहुणे पुढच्या रांगेत, पेटीवर मी, शेजारी सहादू, मागं कोरसमध्ये बाया टाळ घेऊन, त्यात तुमच्या ताई, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून, माझ्या पाठीकडं न बघण्याचा निश्चय करून. वंदना निभली. पहिलं गाणंही खालच्या खाली ओढून नेलं. दुसऱ्या गाण्यात तो वरचा चढ आला, जिथं लोक वाटच बघत असतात. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला. थांबेना. बोटं पेटीवर चालू, भाता चालू, सहादू तोच ठेका फिरवून फिरवून वाजवतोय, आणि मला समोरचे चेहरे पाण्यातून दिसतात तसे दिसायला लागले. त्या क्षणी मला वाटलं की संपलं.

आणि मागून ती ओळ आली. जिथं माझा श्वास संपायचा तिथून ती उचलली गेली, वर गेली, तिथं थांबली, आणि डगमगलीसुद्धा नाही. मी मागं वळून बघितलं नाही, कारण आवाज कोणाचा हे मला कळलं होतं आणि वळलो असतो तर पेटी सुटली असती. गाणं संपल्यावर जे झालं ते सांगत नाही, तुमच्या बहिणीचं कौतुक मी करायचं तर कागद पुरायचा नाही. सहादूनं न विचारता ढोलकी फिरवून तिच्याकडं तोंड केलं. छगननं तिच्यापुढं माईक आणला. पुढचा सगळा कार्यक्रम तिनं गायला आणि मी पेटी धरली. इतकी नीट पेटी मी आयुष्यात वाजवली नव्हती, कारण यापूर्वी मला स्वतःकडंच ऐकायचं असायचं.

घरी येताना ती पुढं, मी मागं. दारात कुलूप काढताना ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली, भिंतीशी नाही. म्हणाली, "तुमी वर चढायच्या आदी मी मागून तो सूर धरून ठेवायचे. इतकी वर्सं. तुमाला वाटायचं तुमीच चढताय."

मला वाईट वाटलं, अभिमान वाटला, आणि त्याहून खरं सांगायचं तर बीडीची अशी तलफ आली की तशी सोडल्या दिवशीही आली नव्हती. मी ओट्यावर जाऊन बसलो. सहादू आला, कानामागची बीडी काढली, पेटवली, अर्धी ओढली आणि उरलेली माझ्यापुढं धरली. मायेनंच धरली. मी ती हातात घेतली, बघितली आणि परत दिली. म्हटलं, अख्खी तूच ओढ. तो अख्खी ओढू शकला नाही, त्याला सवयच नाही, अर्ध्यावर विझवून टाकली. यात गोळीचा वाटा किती आणि तुमच्या ताईंचा किती, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत हातात बीडी धरलेली नाही. माझं काम झालं, तुमचे आभार, तुमच्या दुकानाचं कल्याण असो.

तुमचा,
भीमराज

ता. क. मुख्य कारण राहिलंच. तुमच्याच येरवड्यातल्या मंडळानं बुद्धपौर्णिमेला आमच्या पार्टीला बोलावलंय. हँडबिलावर 'सौ. कलाबाई आणि पार्टी' असं छापलंय, माझं नाव खाली पेटीवाल्यांत आहे. एकूण अकरा माणसं, ढोलकी आणि पेटी तुमच्या दोन खोल्यांत उतरू. सहादू बाहेर झोपेल. माधुरीला एकदम सांगू नका, आधी चहा द्या.

ता. क. दुसरा. एक काम गुपचूप करायचं. तुमच्या ताईंची मिश्री अजून सुटलेली नाही, आजही सकाळी माझ्यासमोर घासली. आता तो आवाज जपायला हवा. मी सांगायला गेलो तर पुन्हा भिंतीची पाळी येईल. त्या पुण्यात आल्या की तुम्ही भाऊ म्हणून त्यांना एखाद्या चांगल्या डॉक्टरकडं न्या, मिश्रीला ही गोळी चालते का विचारा, आणि यात माझं नाव कुठंही येऊ देऊ नका.

ता. क. तिसरा. प्रवीण, मी ताई. पाकीट मी चिकटवतेय, तेव्हा हे ते वाचणार नाहीत. मिश्री मी भोंग्यावरून ऐकली त्याच संध्याकाळी चुलीत टाकली, भाकरी त्याच्यामुळं जळली. डबीत आता साधं काळं दंतमंजन आहे. सांगू नकोस, अजून थोडे दिवस त्यांना बघू दे. त्यांच्या गोळ्या मात्र संपत आल्यात, डॉक्टरीणबाईंनी दिलेली पुढची चिठ्ठी ते पाठवायला विसरले, ती यात घातलीय. एकही दिवस चुकायला नको. पुढल्या जयंतीला आम्ही दोघं पुढं शेजारी बसणार आहोत, आणि वरचा सूर त्यांचा त्यांनाच चढावा लागेल. मी मागं नसेन.